शंभरातले सहा भाग

सुनंदा,

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी वानखडेभाऊंचा फोन आला. हे वानखडेभाऊ म्हणजे अंजनगावचे संत्र्याच्या नर्सरीवाले, ज्यांच्याकडे आपल्या कुंड्या जायच्या. तुला सांगायची गरज नाही. पण तुझी आठवण म्हणून जे हे वाचतील त्यांना ते माहीत नसणार.

"बाई," ते म्हणाले, "सुनंदाताईचं लय वाईट झालं. मी येऊन गेलो, तुमी आत व्हत्या. आता इचारावं का नाई समजत नाई, पण रोपं भराची येळ आली. कुंड्या देता, का मी पन्नीच्या पिशव्या मागवू?"

मला राग आला नाही. तू गेल्यापासून घरात येणारा प्रत्येक जण हळू आवाजात बोलत होता. किती वर्षांची होती, काय झालं होतं, असं अचानक कसं, एवढंच विचारत होता. तुझ्या कामाचं विचारणारा हा पहिला माणूस. मी त्यांना म्हटलं, थोडे दिवस द्या. ते म्हणाले, "थोडेच देतो."

उत्तर द्यायचं तर आधी आपलं भांडण मिटवावं लागतं. कुंडीत राळेचे ते सहा भाग घालायचे की नाही, यावर तू आणि मी किती महिने अडून बसलो होतो. आता मी घातले तर हात धरायला कोणी नाही. तुझा दादा, म्हणजे माझा नवरा, म्हणतो, "तूच ठरव, मले त्यातलं समजत नाई." समोर कोणी नसताना भांडण जिंकणं मला जमत नाही, सुनंदा. म्हणून हे लिहायला बसले.

माझ्या लग्नात तू शाळेत होतीस. नवरी शिक्षकाची मुलगी आहे, हिशेबाला पक्की आहे, हे कुणीतरी तुझ्या कानावर घातलं होतं. जेवणाच्या पंगतीत माझ्या शेजारी घुसून बसलीस आणि पहिलं वाक्य बोललीस ते हे: "वहिनी, तुले पाढे कुठवर येतात?" मी म्हटलं, तीसपर्यंत. "मंग माह्या गणिताचा पेपर तूच दे बावा." सासरी माझ्याशी असं सरळ बोललेली तू पहिली. बाकी सगळे माझ्या पुस्तकी बोलण्याला हसत होते, तूही हसलीस, पण तोंडावर.

नंतर तू अकोल्याला गेलीस, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला लागलीस. जुन्या शहरात मोर्णा नदीच्या अलीकडे दोन खोल्या घेतल्यास आणि लग्नाचा विषय असा काही बंद केलास की तुझ्या आईनेही तो पुन्हा उघडला नाही. अमरावतीला माझ्याकडे यायचीस ती पिशव्या भरून. कधी जवस, कधी एरंडीच्या बिया, कधी नुसता भुसा. मी म्हणायचे, माणसं माहेरी येताना फळं आणतात. तू म्हणायचीस, "तू माहेर थोडीच हाये, तू तर माही प्रयोगशाळा हाये."

हे सगळं सुरू झालं ते अंजनगावच्या आपल्या वावरात. बाबांची जुनी संत्र्याची बाग काढून जमीन मोकळी केली होती. वखर चालला होता आणि तू त्याच्या मागे मागे, चप्पल हातात घेऊन, काळे तुकडे वेचत होतीस. रोपं ज्या पिशव्यांतून आली होती, त्या प्लास्टिकच्या पिशव्यांचे तुकडे. मी बांधावर चहाचा थर्मास घेऊन बसले होते. तू ओंजळभर पन्नी माझ्यासमोर टाकलीस.

"पाय वहिनी. झाड गेलं, बाबा गेले. हे हाये."

मी म्हटलं, म्हणजे चांगल्या प्रतीची असणार. तू हसली नाहीस.

त्यानंतर तू पऱ्हाटीच्या मागे लागलीस. कापूस वेचून झाल्यावर उभी राहिलेली वाळकी झाडं आपल्याकडे लोक चुलीत घालतात नाहीतर वावरातच पेटवतात. ती दळून तिचा भुसा करायचा, सोयाबीनच्या ढेपेची, म्हणजे तेल काढून उरलेल्या पेंडीची, खळ करून त्यात कालवायचा, साच्यात दाबायचा, भट्टीत भाजायचा. तेलापासून, म्हणजे जमिनीखालच्या तेलापासून, काहीच घ्यायचं नाही. जे वावरातून आलं ते वावरात जाईल. दादा सगळ्यांना सांगत सुटला होता, "दुनिया पराटी जाळून राहिली अन् आमची बहीण तिचे लाडू वळून राहिली."

तू अकोल्याच्या औद्योगिक वसाहतीत टिनाचा एक गाळा भाड्याने घेतलास. कुंडी तिकडे तयार व्हायची आणि परीक्षा इकडे, माझ्या गच्चीवर. माती भरायची, पाणी घालायचं, ठरल्या वारी वजन करायचं, भिंत बोटाने दाबून पाहायची, लिहून ठेवायचं. तुझ्या कॉलेजात एवढी शिकलेली माणसं असताना हे माझ्याकडे का, असं मी एकदा विचारलं. "ते माह्या तोंडाकडे पाहून लिहितात. तू नाई लिहीत." माझ्याविषयी इतकं चांगलं मला आजवर कुणी म्हटलेलं नाही.

पहिल्या कुंड्यांची गोष्ट मी तेरवीला आलेल्या बायकांना सांगितली. सांगायला नको होती बहुतेक, कारण सगळ्या हसल्या आणि मग एकमेकींकडे पाहून पदर सावरू लागल्या. पण ती गोष्ट तशीच आहे. ढेपेची खळ करायची म्हणून तू ढेप आदल्या संध्याकाळी बादलीत भिजत घातलीस. शेतकऱ्याच्या घरातली मुलगी, ढेप म्हटलं की भिजवायचीच. आणि भिजवताना मूठभर मीठ टाकलंस. का टाकलंस, तर आई टाकायची. आई गुरांसाठी टाकायची, हे तुझ्या लक्षातच आलं नाही. माझ्याही नाही, मी शेजारी उभी राहून "पाणी बेताचं घाल" एवढंच सांगितलं. सकाळी ढेप मस्त फुगली होती. त्यातून निघालेल्या कुंड्यांना आंबूस, गोडसर वास होता आणि आपण दोघी म्हणत होतो, वास किती नैसर्गिक आहे!

त्या वानखडेभाऊंकडे पोचल्या, त्यांनी ओळीने मांडल्या, आणि लगेच त्यांचा फोन.

"ताई, कुंडी एक नंबर हाये. माह्या गोऱ्ह्यानं दोन ओळी संपवल्या. आता गाय दोर तोडून राहिली. दुधाले चांगली असन तर अजून पाठवा."

तू फोन माझ्या हातात दिलास आणि गाळ्यात जमिनीवर बसलीस. हसून हसून तुझा श्वास अडकला. तुझ्या केसांत भुसा होता. "माय वं," म्हणत होतीस, "मीठ! वहिनी, मी मीठ टाकलं वं!" तुझा चेहरा डोळ्यासमोर आणायचा तर मला तोच येतो. पेपरात दिलेला फोटो येत नाही.

मग तू खळीत चुना घातलास. चुन्याने खळ घट्ट झाली, गुरं तोंड लावेनात, आणि माझ्या गच्चीवर कुंडी ताठ उभी राहिली. मी खूश होते. माझे सगळे आकडे चांगले होते. नर्सरीत मात्र रोपांची पानं शिरा सोडून पिवळी पडायला लागली. वानखडेभाऊ म्हणाले, "चुनखडीच्या वावरात लावल्यावानी दिसून राहिले." संत्र्याला चुनखडीची जमीन चालत नाही, हे तुला चालायला यायच्या आधीपासून माहीत होतं. बाबांनी त्यासाठीच एक वावर सोडून दुसरं घेतलं होतं. तू कपाळावर हात मारलास. "कॉलेजातली बाई झाली अन् बाबाची पोरगी इसरली."

तिसरी तऱ्हा सगळ्यांत चांगली. ढेप कोरडीच दळायची, गरम पाण्यात ढवळायची, आणि कुंडी भाजून झाल्यावर जवसाचं उकळलेलं तेल हाताने फासून पुन्हा भट्टीत. त्या दिवसांत माझ्या गच्चीला तुझ्या आईच्या चटणीचा वास यायचा. भिंत कडक, पानं हिरवी, गुरं लांब. फक्त एक गोष्ट. पावसाळा आला की तळ मऊ पडायला लागायचा. संत्र्याचं रोप नर्सरीत वर्षाच्या वर राहतं. आधी जंबेरीच्या लिंबाचं रोप वाढवायचं, मग त्यावर संत्र्याचा डोळा बांधायचा, तो फुटायची वाट पाहायची. वानखडेभाऊंचं म्हणणं साफ होतं. "गिऱ्हाइकाच्या हातात बूड गळालेली कुंडी कशी देऊ? एक तं पुरी टिकली पाह्यजे, नाई तं माही पन्नीच बरी."

आणि मग मी तो राळेचा माणूस शोधून काढला. कारखान्यात तयार होणारी, खनिज तेलापासूनची राळ. तो म्हणाला, शंभर भागांत सहा भाग घाला, पावसाळे मोजत बसू नका. नमुन्याचा डबा मीच त्याच्याकडून घेतला आणि तुझ्यापुढे ठेवला.

त्या संध्याकाळचं आपलं बोलणं मला शब्दन् शब्द आठवतं, कारण तेव्हापासून मी ते मनात घोळवते आहे.

"हे काय व्हय?"

"सहा भाग," मी म्हटलं. "आज शंभरातले शंभर भाग पन्नी जाते. उद्या सहा जातील. चौऱ्याण्णव वाचले. हा हिशेब पहिलीच्या मुलाला कळेल."

"पन्नी फाडून गोळा तरी करता येते, वहिनी. कोणी करत नाई ते सोड, पण येते. आपली कुंडी मुळ्यासकट मातीत जाते. ते सहा भाग कोण येचन?"

"सहाच तर आहेत."

"तुले मोजता येते ना? मंग मातीतून काढून मोजून दाखव मले. सहाच्या सहा."

मी चिडले. म्हटलं, तुला स्वच्छ हात पाहिजेत आणि वानखडेभाऊंना कुंडी पाहिजे. तू स्वच्छ हात घेऊन बस, ते पन्नी आणतील, आणि तुझ्या वावरात पुन्हा काळे तुकडे. कुणाचं भलं झालं?

तू म्हणालीस, "म्हणजे मी अडून बसली म्हणून पन्नी येते?"

"हो," मी म्हटलं. "तसंच."

तू उठलीस, चप्पल घातलीस, जिना उतरलीस. थोड्या वेळाने जिन्यावर पुन्हा पावलं. तू दारात. "डबा दे माहा. पातोडीचा. भांडण मंग करू." आणि दुसऱ्या हाताने तो राळेचा डबाही उचललास. मला वाटलं, वाटेत कुठेतरी टाकून देणार.

त्यानंतर आपण त्यावर परत बोललोच नाही. पातोडी तिखट झाली होती, हे सांगायला मात्र तू फोन केलास.

शेवटचा फोनही असाच, काही विशेष नाही. "वहिनी, रविवारी गाळ्यावर ये. एक फोडाचं हाये, तू पाह्यजे." मी म्हटलं, या रविवारी तुझ्या दादाच्या डोळ्यांचं दाखवायचं आहे, पुढच्या रविवारी येते. "ये मंग. घाई नाई." तुला कशाची घाई नव्हती, मलाही नव्हती. काय फोडायचं आहे, हे मी विचारलंसुद्धा नाही. पुढचा रविवार यायच्या आतच तुझे शेजारी दादाला फोन करत होते. त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही.

वानखडेभाऊंच्या फोननंतर मी आणि दादा अकोल्याला आलो. गाळ्याचं कुलूप उघडायला त्याला वेळ लागला. किल्ली बरोबर होती, तरी त्याने ती दोनदा काढून पुन्हा घातली. आत जवसाचा वास तसाच होता. भट्टीवर तुझा जुना ॲप्रन, खिडकीशी दोन ओळींत कुंड्या, प्रत्येकीत जंबेरीचं रोप. कॉलेजातली तुझी शिपाईबाई येऊन पाणी घालून जात होती, म्हणून ती जगली होती. एका ओळीपुढे खडूने लिहिलं होतं 'मी'. दुसऱ्या ओळीपुढे 'वहिनी'. राळेचा डबा फळीवर होता, झाकण काढलेला, अर्धा वापरलेला.

तू माझ्या कुंड्या केल्या होत्यास, सुनंदा. ज्या गोष्टीवर इतकी चिडलीस, ती न सांगता, मापाने, माझ्या नावाने करून पाहिलीस. एकाच दिवशी, एकच माती, एकच खिडकी. माझ्याविरुद्ध जाईल असं काही त्यात ठेवलं नव्हतंस. मी बारकाईने पाहिलं. मला पाहिल्याशिवाय राहवत नाही, तुला माहीत आहे.

माझी ओळ ताठ उभी होती. काठ अगदी साच्यातून आत्ता काढल्यासारखे. तुझी ओळ खचली होती, दोन कुंड्यांचे तळ बसले होते. मला आधी बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगू. तुझ्या गाळ्यात, तुझ्याशिवाय उभी राहून मला वाटलं, बघ, मी म्हणत होते.

दादाने दोन्हींतली एकेक कुंडी उचलली. तुझी हाताने सुटली, भाकरीसारखी. आत मुळं भिंतीतून आरपार गेलेली, पांढरी टोकं बाहेर डोकावत होती. माझी हाताने सुटेना. त्याने हातोडी घेतली. भिंत कचकन फुटली तेव्हा आत मुळं भिंतीला लागून गोल गोल फिरलेली, सुताच्या गुंडीसारखी. बाहेर जायला वाट नव्हती म्हणून आतच फिरत राहिलेली.

दादा जमिनीवर उकिडवा बसून किती तरी वेळ ती मुळं बोटाने सोडवत होता. शेवटी म्हणाला, "हे वावरात लावलं तरी पन्नीतल्यावानीच राहीन."

"सहा भागांनी एवढं?"

"मले काय माहीत. मी मुळ्या पाहून राहिलो."

गच्चीवर इतके महिने मी कुंडी टिकते का ते तपासत होते. कुंडीत रोप लावून मुळं पाहावीत, हे आपल्यापैकी तुला सुचलं. पण तुलाही उत्तर माहीत नव्हतं. त्या ओळींतली एकही कुंडी फोडलेली नव्हती. 'एक फोडाचं हाये, तू पाह्यजे.' माझी बाजू हरणार की तुझी, हे तुला माझ्यासमोरच पाहायचं होतं. माझी कुंडी फुटताना मी तिथे असावं, ही तुझी सचोटी. आणि मी नसताना तू ती फोडली नाहीस, ही माया. माझ्याशी असं आणखी कोण वागलं आहे, ते मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी वानखडेभाऊंना फोन केला. राळ घालणार नाही म्हटलं. तळ दुसरा पावसाळा काढणार नाही, हेही म्हटलं. भिंतीतून पांढरी मुळं दिसली की रोप जमिनीत गेलंच पाहिजे, ठेवलं तर मुळं वाळतील.

"म्हणजे टिकत नाई."

"नाही टिकत. तिचं काम होईपर्यंत टिकते."

"अन् गिऱ्हाईक उशिरा आला तं?"

"तर तुमचं नुकसान. ते मी लपवून विकणार नाही."

मागे कुणीतरी गुरांना हाकलत होतं. मग ते म्हणाले, "अर्धे पन्नीत भरतो, अर्धे तुमच्यात. लवकर बुकिंगवाल्याईले तुमचे देतो. पाहू." आणि वर, "ताई असत्या तं भांडल्या असत्या, सगळे भरा म्हणून."

"भांडली असती."

"हाव. अन् मी अर्धेच भरले असते."

आम्ही दोघंही हसलो. तू गेल्यावर मी पहिल्यांदा मोकळी हसले ते त्या माणसाबरोबर.

आता मी आणि दादा गाळ्यावर कुंड्या भाजतो आहोत. त्याला साचा दाबता येतो, मला माप येतं. तेल फासायचं काम मात्र दोघांनाही तुझ्यासारखं येत नाही; कुठे जास्त लागतं, कुठे कोरडं राहतं. तुझ्या हाताला किती तेल लागायचं, ते मी कधी मोजलं नाही.

तुझं बरोबर होतं, असं मी अजून म्हणत नाही. एका खिडकीतल्या दोन कुंड्यांवरून काही ठरत नाही, हे मला तूच शिकवलंस. वानखडेभाऊंची रोपं ज्यांच्या वावरात जातील त्यांची गावं मी विचारून घेतली आहेत. पन्नीतलं किती जगलं, आपल्यातलं किती जगलं, मी जाऊन पाहणार आहे, आणि जे दिसेल तेच म्हणणार आहे. इतकी वर्षं मी प्रत्येक हिशेबात बरोबर येण्यासाठी धडपडले. या एका हिशेबात मला हरायचं आहे, सुनंदा. मी हरले तर फोन कोणाला करायचा, एवढं मात्र मला सुचत नाही.